सीटखाली न सापडलेली डायरी

टेबलावर बोटाचं हाड दोनदा वाजलं की चला, एकदा वाजलं की थांबा. मी टाइप करायचो आणि ते शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ही घंटी द्यायचे. टक टक, की मी पुढचं वाक्य घ्यायचो. नुसतं टक, की माझे हात कीबोर्डवर जागच्या जागी. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य गेलेल्या माणसाला मजकूरसुद्धा गाडीसारखाच सोडावा आणि थांबवावा लागतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

माझं दुकान अकोल्यात, बसस्टँडपासून पायी जाण्यासारखं. लग्नपत्रिका, दुकानांची पत्रकं, तेरवीची कार्डं, आणि वर्षातून काही पुस्तकं. पुस्तकं म्हणजे बहुतेक कविता. आमच्याकडचा माणूस निवृत्त झाला की एक तर तीर्थयात्रेला निघतो, नाही तर कवितासंग्रह काढतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. म्हणून कंडक्टरसाहेब कागदांनी फुगलेली पिशवी घेऊन आले तेव्हा मी कवितांचा नेहमीचा नक्षीदार फॉन्ट काढून ठेवला.

"कविता नाई जी," ते म्हणाले. "एका बाईची डायरी हाय."

मी विचारलं, कोणत्या बाईची?

"कोनत्याच नाई. माह्या डोक्यातली बाई हाय."

त्यांना मी आधीपासून ओळखत होतो. त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका माझ्याकडेच छापली होती. बायको लवकर गेलेली, एकुलती एक मुलगी, तिला ड्यूट्या सांभाळत त्यांनीच वाढवलेली. अंजनगाव सुर्जीला दिली. घर खाऊनपिऊन सुखी, औषधात जाते ती पानपिंपरी लावणारं. मुलगी बोलघेवडी आणि सासू तिच्याहून बोलघेवडी. दुकानात बसलेले असताना मुलीचा फोन आला की ते स्पीकरवर टाकायचे आणि आम्ही सगळे ऐकायचो. पलीकडून दोघी एकदमच बोलायच्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची, आणि मध्येच कशावरून तरी दोघी अशा हसत सुटायच्या की फोन कशासाठी केला तेच राहून जायचं. फोन ठेवल्यावर कंडक्टरसाहेबांच्या चेहऱ्यावर, गाडी वेळेत डेपोत लागल्यावर येत असेल तसं समाधान असायचं.

तर कादंबरी. ती सबंध एका सासुरवाशिणीच्या डायरीच्या रूपात होती. तारीख, वार, चार ओळी, कधी पानभर. मी विचारलं, हे असं कशाला? सरळ गोष्ट लिहायची की. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही. अकोला-अकोट-अंजनगाव या रस्त्यावर त्यांनी तिकिटं फाडता फाडता बायकांची बोलणी ऐकली होती. माहेराहून परतणाऱ्या, दवाखान्यातून येणाऱ्या, सोयरिकीत जाऊन आलेल्या. कान देऊन नव्हे, गर्दीत कान जातील कुठे. पण गोष्ट कधी पुरी व्हायची नाही. बाई म्हणायची, "अन् मंग त्या दिवशी काय झालं मालूम हाय का," आणि तेवढ्यात तिचं गाव यायचं.

"उरलेली गोष्ट ते बाई घेऊन उतरून जाये," ते म्हणाले. "मी दार लावो, घंटी देओ. रात्री घरी येऊन तेच डोक्यात. मंग काय झालं असन बाप्पा?"

ते उरलेलं त्यांनी लिहिलं होतं. आणि डायरीतच का, तर अशा बायका उरलेलं कुणाजवळ बोलत नाहीत. लेखकानं मधे उभं राहून 'तिला फार वाईट वाटले' असं सांगणं त्यांना आगाऊपणाचं वाटायचं. ज्या गोष्टी कुणाला सांगता येत नाहीत त्या माणूस स्वतःला तरी सांगत असेल, म्हणून त्या बाईच्या हातात त्यांनी पेन दिला आणि आपण बाजूला झाले.

बाजूला झाले म्हणतो, पण नियमांना पक्के. मी टाइप करताना एकदा म्हटलं की ही 'मोठी' कोण ते वाचकाला कळत नाही, 'मोठी जाऊ' करू का? टक. "ते तुमच्यासाठी नाई लिहून राहिली. तिले मालूम हाय मोठी कोन हाय." पुढे चार पानांनी मोठी कोण ते आपोआप कळत होतं, हेही खरं. दुसरा नियम, डायरीला उद्याचं माहीत नसतं. 'तेव्हा मला ठाऊक नव्हते की' असलं वाक्य ज्याच्या पुस्तकात असेल त्याला गाडीतून उतरवून द्यावं असं त्यांचं मत होतं. तिसरा नियम मला फार नंतर पटला. ते म्हणायचे की डायरीतही माणूस सगळं खरं लिहीत नाही, तिथंही तो थोडी लाज राखूनच असतो.

पोळ्याच्या दिवशीची नोंद होती, 'आज काही नाही.' बस. खाली अख्खं पान कोरं. मी म्हटलं, साहेब, कागद वाया जातो, पुढचा दिवस इथेच घेऊ. ते काही केल्या ऐकेनात. त्या दिवशी काय झालं हे बाई स्वतःलाही सांगत नाही, आणि ते सांगत नसणं दिसायला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं. ते पान तसंच गेलं. पुस्तकातलं सगळ्यांत जास्त चर्चेचं पान तेच झालं.

एक अडचण शेवटी राहिली. बाईच्या डायरीवर पुरुषाचं नाव कसं घालायचं? त्यांनी वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यात लेखक सुरुवातीलाच सांगतो की हे कागद मला अमक्या ठिकाणी मिळाले. तो लेखनाचा जुनाच रिवाज. त्यांनीही अर्ध्या पानाची प्रस्तावना लिहिली: ही डायरी मला ड्यूटीवर असताना सीटखाली सापडली. मालकीण मिळाली नाही. म्हणून जशीच्या तशी छापत आहे. खाली सही, आणि सहीखाली 'सेवानिवृत्त वाहक'. मी विचारलं, मग 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ ठेवायची की काढायची? दोन्ही एका पुस्तकात कशा राहतील. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, काढा. ती ओळ वाचून दार उघडं पडल्यासारखं वाटतं. डायरी वाचताना दार लोटून घ्यावंसं वाटलं पाहिजे.

आता गंमत अशी, की लेखकाला वस्तू सापडली तर तो साहित्यातला रिवाज. कंडक्टरला वस्तू सापडली तर ती खरोखरच सापडलेली असते. आमच्या भागात कुणाच्याही मनात शंका आली नाही. गाडीत छत्र्या राहतात, डबे राहतात, कवळी राहिल्याचंही मी ऐकलंय. डायरी का राहणार नाही? पुस्तक बसस्टँडवरच्या स्टॉलवर ठेवलं होतं, आणि कंडक्टरसाहेबांनी जन्मात पाहिली नव्हती एवढी मागणी आली. त्यांचे जुने सहकारी दुकानात येऊन चिडवायचे की सापडलेली वस्तू डेपोत जमा न करता छापून विकणारा तू पहिलाच. मोर्शीहून एक बाई आली, चांगली पोक्त, हातात संत्र्यांची पिशवी. डायरी तिची आहे म्हणाली. कंडक्टरसाहेबांनी हळूच विचारलं, तुमची डायरी हरवली होती का? तर म्हणे, "मी लिहिलीच नोती कधी. पन हे माहीच हाय." संत्री ठेवून गेली. त्या दिवशी ते इतके आनंदात होते की त्यांनी एकदाही टेबल वाजवलं नाही.

अंजनगावला पुस्तक त्यांनी स्वतःच नेऊन दिलं होतं. व्याह्यांना, वर 'सप्रेम भेट' लिहून.

इथे मला थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर तुम्ही त्या घराला नावं ठेवाल. डायरी म्हटली की घर लागतं. खिडकी कुठे, चूल कुठे, तुळस कशात लावलेली. कंडक्टरसाहेबांना अशा भरल्या घराची आतली माहिती एकाच ठिकाणची होती, लेकीच्या सासरची. तेव्हा निळं दार तिथलं आलं, पेंटच्या डब्यातली तुळस आली, मागचा पानपिंपरीचा मळा आला, रात्री मेथ्या भिजत घालणारी सासूही आली. "घर तिचं घेतलं, दुःख रस्त्याचं घेतलं," असं ते मला एकदा म्हणाले होते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

पहिल्यांदा फोनवरून लक्षात आलं. मुलगी एकटीच बोलायला लागली. सासूबाई कुठे आहेत विचारलं की आहेत म्हणायची, पण आवाज यायचा नाही. मग एक दिवस तिनं विचारलं, बाबा, ती डायरी कोणाची हो? कंडक्टरसाहेब हसले. म्हणाले, कोणाची म्हणजे, मी लिहिली. ती म्हणाली, हे इथे येऊन सांगा.

ते एकटे जायला घाबरले म्हणून मला घेऊन गेले. मी पुस्तक टाइप केलेला माणूस, म्हणजे साक्षीदार. निळ्या दारातून आत गेलो तेव्हा मला उगाच ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. व्याही मऊ स्वभावाचे. पाणी झालं, चहा झाला, पोहे झाले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आमचं काई म्हननं नाई, व्याहीबुवा. पुस्तक चांगलं हाय. फक्त ते मूळ डायरी असन तं सूनबाईले वापस देऊन टाका. घरची वस्तू हाय, घरी राह्यली पाह्यजे."

कंडक्टरसाहेब म्हणाले की मूळ डायरी नाहीच. व्याह्यांनी मान हलवली, जशी आपण खोटं बोलणाऱ्या पण आदरणीय माणसापुढे हलवतो. मी सांगितलं, मी सांगितलं म्हणजे शपथ घेतली, की हे कल्पनेतलं आहे. त्यांनी माझ्यापुढे सुपारीची डबी सरकवली. नसलेली वस्तू नाही हे सिद्ध कसं करायचं? असलेली दाखवता येते. नसलेली कुठून आणून दाखवणार? पुढच्या खेपेला आम्ही कंडक्टरसाहेबांच्या हस्ताक्षरातले सगळे कागद घेऊन गेलो, खाडाखोडीसकट. सासूबाईंनी दोन कागद हातात घेतले, चष्मा लावून पाहिले आणि परत ठेवले. म्हणाल्या, अक्षर तुमचंच आहे, उतरून घेतलं असेल.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्याकडे न पाहता त्यांनी कंडक्टरसाहेबांना विचारलं,

"मले फक्त एवढं सांगा. पोयाच्या दिवशी काय झालं होतं? मी लय आठवून पाह्यलं. पुरनपोळ्या केल्या होत्या, बैल आले होते. मी काय बोलली असन तिले, की तिनं पान कोरं सोडलं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी कितीतरी लेखकांची पुस्तकं छापली, पण इतकं मन लावून वाचणारा वाचक पाहिला नाही. आणि असा वाचक कुणालाही मिळू नये असंही वाटलं. कंडक्टरसाहेब नुसते "काई नोतं झालं जी, काई नोतं झालं" म्हणत राहिले. सून म्हणाली, "आई, मी नाई लिहिलं." सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी कुठी म्हनलं, बाई."

त्यानंतर कंडक्टरसाहेब रोजच दुकानात यायला लागले. रोज एक उपाय. आधी 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींवर चिकटवली. त्यानं आगीत तेल पडलं. लोक विचारू लागले, आधी ही ओळ नव्हती, मग आत्ताच का लावली, कुणी दबाव आणला काय? स्टॉलवरच्या प्रती परत आणल्या, तर पुस्तकावर बंदी आली अशी बातमी अकोटपर्यंत पोचली आणि ज्यांनी वाचलं नव्हतं तेही शोधत आले.

शेवटी त्यांनी ठरवलं की पुस्तक नव्यानं छापायचं, आणि त्यात डायरीच ठेवायची नाही. तीच गोष्ट, पण लेखकानं सांगितलेली. जिथे 'मी' आहे तिथे 'ती'. म्हणजे हे कुणा बाईनं लिहिलेलं नाही, आपण बाहेर उभं राहून रचलेलं आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. मी दुकानातली इतर कामं बाजूला ठेवून ते बदल करून दिले. मग मोठ्यानं वाचायला लागलो. 'तिने मेथ्या भिजत घातलेल्या पाहिल्या. तिला वाटले, ही आपल्याला काही विचारत का नाही.' दोन पानं झाली. ते टेबल वाजवेनात, ना एकदा ना दोनदा. मी वर पाहिलं.

"हे तं चहाडी झाली," ते म्हणाले. "आधी ते सोताशी बोलत होती. आता कोनीतरी तिच्या घरचं बाहीर सांगून राह्यलं. अन् सांगनारा तं मीच हाय."

त्यांचं बरोबर होतं. फाइल मी पुसली नाही, पण पुन्हा कधी उघडलीही नाही.

एकदा मुलगी अकोल्याला आली तेव्हा ते तिला घेऊन दुकानात आले. माझ्यासमोरच बोलणं झालं, कारण तोवर मी घरचाच झालो होतो. ते तिला म्हणाले, तुला तिथे काही त्रास असेल तर सांग, मी आणतो तुला परत. ती म्हणाली, त्रास काही नाही. सगळे पहिल्यापेक्षा चांगले वागतात. सासरे तिच्या ताटात आधी वाढायला सांगतात. नवरा आवाज चढवत नाही. पण ती खोलीत आली की बोलणं थांबतं. शेजारणी विषय बदलून भाज्यांचे भाव सांगतात. तिनं दुधाचा हिशेब लिहायला पेन घेतला तरी सासूबाई उठून आत जातात. पापड दोघी मिळूनच लाटतात, मुकाट्यानं.

"भांडन चाललं असतं, बाबा," ती म्हणाली. "भांडनात मानूस बोलते तरी."

कंडक्टरसाहेबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. ती त्यांच्यावर रागावलेली नव्हती, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं असावं. मी चहा सांगितला. तो येऊन थंड झाला.

पुढे ते लिहायचे थांबले. मी एकदोनदा म्हटलं, दुसरं काही लिहा, मुलांसाठी लिहा. ते हो म्हणायचे. मग येणंही कमी झालं. रस्त्यात भेटले की पायांचं दुखणं सांगायचे, मुलीचा फोन येतो म्हणायचे. काय बोलते विचारलं की म्हणायचे, हवापाण्याचं.

या हिवाळ्यात ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. मी बसायला गेलो तेव्हा त्यांच्या लहानशा घरात पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायका होत्या, आणि त्यांच्या मधे सासूबाई. अंजनगावहून आल्या होत्या आणि स्वयंपाकापासून सगळं त्याच बघत होत्या. सोयरिकीच्या वेळची गोष्ट सांगत होत्या, की मुलीचे वडील घर पाहायला आले ते सोफ्यावर बसायच्या आधी मागे जाऊन विहीर पाहून आले, पाणी कोणाला ओढावं लागतं ते विचारून आले. सांगता सांगता त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. त्या हसण्यावरून मला ते स्पीकरवरचे फोन आठवले.

तेवढ्यात मुलगी चहाचे ग्लास घेऊन आतून आली. सासूबाई वाक्य अर्धं टाकून थांबल्या. "बस बाई, थकली असशीन," असं फार मायेनं म्हणाल्या आणि खाली पाहू लागल्या. बायकांनी ग्लास घेतले. कुणीतरी थंडी वाढल्याचं बोललं.

मुलगी क्षणभर उभी राहिली. बसली नाही. रिकामा ट्रे भिंतीला लावून ती बाहेर गेली आणि रस्त्याकडच्या पायरीवर बसली. थोड्या वेळानं आत सासूबाईंचा आवाज पुन्हा सुरू झाला, विहिरीपासूनच.

मी निघालो. पायरीजवळ चपला घालत होतो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, जरासे इथीच उभे राहा. मी एकटी दिसली तं आई मले आत बलावतीन, अन् मंग बाबाच्या गोष्टी बंद होतीन."

मी उभा राहिलो.